डबल बेलची गाडी

माझे वडील किसनराव अवसरमोल यांना दोन गोष्टींचा गर्व आहे. एक म्हणजे एकतीस वर्षं एसटी चालवूनही त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलं नाही. दुसरी म्हणजे बहात्तराव्या वर्षीसुद्धा पुढच्या ट्रकचा नंबर ते शंभर पावलांवरून वाचतात. दुसरी गोष्ट खरी आहे, आणि यंदा तीच आमच्या जिवावर उठली.

उन्हाळ्यात मी त्यांना बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बाबांनी छाती पुढे काढून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मग डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रासमोर बसवलं, मधल्या ठिपक्याकडे पाहत राहा आणि बाजूला दिवा दिसला की बटण दाबा म्हणाले. बाबा बसून राहिले. बटण क्वचितच वाजलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले की यंत्र बिघडलेलं आहे, पण सांगायचं कसं म्हणून गप्प बसलो. यंत्र ठीक होतं. बाबांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की समोरची नजर शाबूत आहे, दोन्ही बाजूंची गेली. नळीला डोळा लावून पाहिल्यावर जेवढं दिसेल तेवढंच यांना दिसतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून जपायचं, आणि गाडी आजपासून बंद.

गाडी बंद म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? त्यांनी आमची गाडी पाहिली नव्हती.

आमची गाडी म्हणजे डोणगावच्या घरापुढे लिंबाखाली उभी असलेली मॅटॅडोर. तिचा आणि माझा जन्म एकाच सालचा, चौऱ्याऐंशीचा. फरक इतकाच की बाबा तिच्यावर कधी ओरडले नाहीत. मुळात ती सरकारी कुटुंब नियोजनाच्या प्रचाराची गाडी. गावोगाव जाऊन पडद्यावर सिनेमा दाखवायची आणि दोन पोरांवर थांबा म्हणून सांगायची. शहाण्णव साली ती लिलावात निघाली आणि बाबांनी घेतली. तिला निळा रंग दिला, पण दर उन्हाळ्यात त्या निळ्यातून जुना लाल त्रिकोण वर यायचा. शाळेतली पोरं मला त्रिकोणवाली म्हणायची. आम्ही रवी आणि मी दोघंच भावंडं, त्यामुळे गाडीनं आपलं काम चोख केलं असंही गावात बोललं जाई. माय हसायची. मला मात्र तेव्हा त्या गाडीची लाज वाटायची, हे कबूल करते.

ती घेण्याचं कारण मला फार उशिरा कळलं. आदल्या वर्षी आम्ही चौघं एका लग्नाहून येत होतो आणि परतीची बस चुकली. एका तालुक्याच्या गावी बाबा मुक्कामाची खोली विचारायला गेले. गादीवर बसलेल्या माणसानं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग ‘अवसरमोल म्हणजे कोण’ असं विचारलं. बाबांनी सांगितलं. त्यानं वही पुढे ओढली आणि खोल्या भरल्या म्हणाला. त्याच्या पाठीमागे खिळ्यांना आठ-दहा चाव्या लटकत होत्या. त्या मी मोजत होते, कारण मला तेव्हा काही मोजायला मिळालं की बरं वाटायचं. आम्ही बसस्टँडवर थांबलो. पुढच्या वर्षी ही गाडी दारात आली, आणि बाबा मायला म्हणाले, “आता आपलं घर आपल्यासंगं. कोनाले खोली मांगाची नाई.”

घर म्हणजे अगदी घर केलं त्यांनी तिचं. डेपोतल्या सुताराकडून आडवी पाडता येणारी फळी करून घेतली, तिच्यावर भंगारातल्या बसच्या सीटचं हिरवं रेक्झिन ठोकलं. टपावर पाण्याचा ड्रम, मागच्या दाराशी त्याची तोटी. एका कोपऱ्यात स्टोव्हची पेटी, वर मायचे डबे, आणि डबे खडखडू नयेत म्हणून मध्ये जुन्या साडीच्या चिंध्या. समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. आणि हे सगळं झाल्यावर त्यांनी भंगारातूनच एक बेल आणली, तिची दोरी छताखालून पार मागपर्यंत ओढली आणि दोरीचं टोक मायच्या हातात दिलं.

आम्हाला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. बाबांचं म्हणणं असं की ड्रायव्हर फक्त चाक धरतो, गाडी असते कंडक्टरची. डबल बेल झाल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठतच नसे. माय चौथी शिकलेली, जन्मात कधी कुणावर हुकूम चालवलेला नाही. पण त्या गाडीत बसली की तिची मान ताठ व्हायची. सगळे बसले का, दार लागलं का, रॉकेलच्या डब्याचं झाकण घट्ट आहे का, हे पाहून ती दोरी दोनदा ओढायची. टण टण. मगच गाडी हलायची. रस्त्यात कुणाला उतरायचं असलं, कुठे काही दिसलं, की एक टण. बाबा का म्हणून विचारत नसत, आधी थांबत, मग विचारत. एसटीची सवय. घरात मात्र मायचं एकही वाक्य ते पहिल्या फटक्यात ऐकत नसत, तेव्हा ही दोरी स्वयंपाकघरातही बांधून घे, असं मी तिला कितीदा सांगितलं.

मग काय, फिरलो. शेजारपाजारची माणसं सुट्टीत लग्नं आणि दवाखाने करायची, आम्ही गाडीत बसायचो. पहिली फेरी अजिंठ्याची. चिखली, बुलढाणा करत घाट उतरलो आणि लेण्यांच्या खाली गाडी लावून मायनं पातोडीचा रस्सा केला. त्याचा वास असा सुटला की दोन विदेशी माणसं येऊन उभी राहिली आणि मायनं त्यांना ताटलीभर दिला. त्यांचे डोळे पाण्यानं भरले. आम्हाला वाटलं भारावले, ते तिखट लागलेलं होतं. चिखलदऱ्याला एवढी थंडी की आम्ही भावंडं सगळ्या गोधड्या अंगावर घेऊन फळीवर पडलो होतो आणि मायनं स्टोव्हवर तवा ठेवून गाडी गरम केली. महूला जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे गाडी तापली. बाबा बोनेट उघडून बसले आणि आम्ही एका शेताच्या बांधावर अख्खी दुपार काढली. त्या शेतातल्या बाईनं आम्हाला केळी दिली, मायनं तिला कळण्याच्या भाकरी दिल्या. त्या बाईनं आडनाव विचारलं नाही. मला त्या दुपारी काय सुख लागलं होतं, ते आजही नीट सांगता येत नाही.

आणि दर वर्षी अशोक विजयादशमीला नागपूर, दीक्षाभूमी. ते कधी चुकलं नाही.

एकदा, मी तेरा वर्षांची असेन, मेहकरच्या पुढे माय पेंगली होती आणि मी उगाच दोरी ओढली. एक टण. बाबांनी चढावरच गाडी थांबवली. कोण उतरतंय म्हणाले. मी हसत म्हटलं, कोणी नाही, गंमत केली. बाबा मागे आले, मला खाली उतरवलं आणि गाडी घेऊन गेले. पार वळणापर्यंत गेले. मी भर उन्हात रडत पळत गेले तेव्हा दार उघडून म्हणाले, “सिंगल बेल झाली म्हनजे कोनीतरी उतरलं पाह्यजे. बेल खोटी होत नाई.” असा बाप. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

रवीला त्यांनी अठराव्या वर्षी ही गाडी शिकवली. मला नाही. हात लावू देत नसत. ही बाईच्या हातची गाडी नाही, असं म्हणायचे. रवी आता पुण्यात गिअर नसलेली मोटार चालवतो. मी जानेफळच्या शाळेत शिकवते, रोज माझी छोटी गाडी घेऊन जाते, आणि बाबा माझ्या बाजूला बसले की पूर्ण रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. राग आहे मला त्याचा. असू दे.

फेऱ्या हळूहळू कमी झाल्या. रवीला सुट्टी नाही, माझी पोरं मोठी झाली, मायचे गुडघे धरले. शेवटी फक्त नागपूरची फेरी उरली. वर्षभर बाबा गाडी पुसायचे ते त्या दिवसासाठी. त्यामुळे बुलढाण्याहून परत येताना त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की डॉक्टर नवा आहे, आणि दसऱ्याला आपण नेहमीप्रमाणे जाणार.

त्यातच दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी कडूबाचं झालं. कडूबा म्हणजे बाबांचा लहानपणापासूनचा मित्र. बाबा डिझेल टाकून येत होते, आणि गावाच्या फाट्यावर डाव्या बाजूनं कडूबा मोपेडवरून आला. मॅटॅडोरचा मागचा कोपरा त्याला घासला. तो नालीत पडला, कोपर सोललं, गुडघ्याला मार बसला. बाबा थांबलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला. तासाभरानं कडूबा लंगडत मागच्या दारानं मायकडे आला, मी तिथंच होते. म्हणाला, “वहिनी, किसनले सांगजा मत. त्याले समजलंच नाई काई. पन त्याले गाडी देऊ नका.” जाताना मायनं दिलेली हळद लावून गेला.

म्हणजे तो पहिला गर्वही आता खरा राहिलेला नव्हता, फक्त ज्याचा गर्व त्यालाच माहीत नव्हतं. आता प्रश्न साधा होता. दसऱ्याला नागपूरच्या रस्त्यावर दोन्ही कडांनी माणसं चालत असतात, पांढरे कपडे, कडेवर लेकरं. त्या रस्त्यावर बाबा गाडी घेऊन निघाले तर कुणाचा तरी जीव जाणार. आणि जीव गेला तर त्याच्यामागे बाबाही जगणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी सांगून पाहिलं. त्यांनी मला खिडकीतून दूरच्या खांबावरची पाटी वाचून दाखवली. रवीनं फोनवर गाडी विकायचं काढलं, त्याचा फोन त्यांनी पाच दिवस उचलला नाही. मी बॅटरीची वायर काढून ठेवली. त्यांनी दोन मिनिटांत शोधून काढली, जोडली आणि उंदीर फार झालेत म्हणून मायला सांगितलं. किल्ली लपवली तर एकतीस वर्षं डेपोत काढलेला माणूस किल्लीवाचून गाडी चालू करतो हेही कळलं. शेवटी मी मायला म्हटलं, बाकी काही नको, तू फक्त बेल देऊ नको. बेल दिली नाहीस तर ते हलणार नाहीत. माय बराच वेळ डाळ निवडत राहिली. मग मान डोलावून हाव म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी सात वाजता बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चाकावर बसले. मी मागे मायच्या शेजारी. मायनं डबे पाहिले, दार पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता दोरी ओढली. टण टण.

गाडी निघाली. मला संताप आला. मी तिला ढोसलं, तिनं माझा हात बाजूला केला. ती डाव्या खिडकीला नाक लावून बसली होती आणि दोरी तिनं मनगटाला गुंडाळली होती. गाव संपलं. मालेगावच्या रस्त्याला लागलो, समोर रस्ता मोकळा होता. मग वळणावरून सोयाबीन भरलेला एक ट्रक समोरून आला आणि बाबांनी त्याला जागा देण्यासाठी गाडी डावीकडे घेतली. एसटी घ्यायचे तशीच, सफाईनं, न बावरता. डावीकडे सहा बाया चालत होत्या. पांढरी लुगडी, डोक्यावर गाठोडी, एकीच्या हाताला लहान मुलगी. मला त्या दिसल्या. मी ओरडायला तोंड उघडलं.

मायनं दोरी ओढली. एकदाच.

गाडी जागच्या जागी थांबली. डबे आदळले, मी पुढच्या फळीवर आपटले. ट्रक निघून गेला. बाबांनी समोर पाहतच विचारलं, “कोन उतरून राह्यलं?”

“तुमी,” माय म्हणाली.

बाबांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं. माय म्हणाली, “तुमी उतरा. त्या बाया दिसल्या का तुमाले?”

कोणत्या बाया म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. पूर्ण वळवावी लागली, पार खांद्यापर्यंत. त्या सहा जणी गाडीपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या लहान मुलीनं पत्र्याला हात लावलेला होता. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मायनं मग सांगितलंच, कडूबाचंही. अगदी थोडक्यात. तिचा आवाज चढला नाही.

बाबांनी गाडी बंद केली, दार उघडलं आणि उतरले. बेल खोटी करायची नाही, हे त्यांचंच म्हणणं. खाली उतरून त्यांनी त्या बायांना हात जोडले. बायांना काही कळलं नाही, त्यांनी जयभीम घातला आणि पुढे निघाल्या. बाबा बोनेटला हात धरून गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आले. चेहरा असा की मी नजर खाली घातली. मला वाटलं होतं हा दिवस आला की सुटल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही.

“दुसरा गिअर पडताना क्लच दोनदा दाब,” ते मला म्हणाले. “नाईतं खडखड करते.”

एवढंच. मी चाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षांची बाई, हात घामेजलेले, आणि स्टिअरिंग एवढं जड की रवीबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला. मायला मी तिथूनच विचारलं की हाव म्हणाली होतीस, मग घरी डबल बेल का दिलीस. ती म्हणाली, “अंगनात उभ्या गाडीले सिंगल बेल कशी देता येईन? उभ्या गाडीले थांब म्हनाचं काय? चालती गाडीच थांबवता येते.” गाव सुटल्यावर मोकळ्यावर ओढणार होते, त्या बाया मध्ये आल्या, म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं.

मग तिनं बेल दिली आणि मी गाडी उचलली. दुसरा खडखडलाच. आरशात पाहिलं तर बाबा मायच्या जागेवर, खिडकीला बसले होते, आणि माय पलीकडे सरकली होती. त्यांनी मान पूर्ण बाहेर वळवली होती आणि त्यांची ती नळीएवढी नजर शेतावरून हळूहळू चालली होती. तुरीला फूल आलं होतं. एका विहिरीवर पोरं उड्या मारत होती. निळ्या रंगाचा एक विहार गेला, त्याच्या पायरीवर एक म्हातारा दाढी करत बसला होता. बाबा एकेक गोष्ट मायला विचारू लागले. हे गाव कोणतं, हा नाला कुठं जातो, ही एवढी मोठी चिंच केव्हापासून आहे. माय सांगत होती. चिंच पहिल्यापासून आहे म्हणाली, आपण दर वर्षी हिच्याच पुढून जातो.

मग बाबा म्हणाले, “अजिंठ्याले जातानी बी असंच दिसे का?”

माय म्हणाली, त्याहून भारी. घाटात माकडं बसलेली असायची कठड्यावर रांगेनं, पोटाला पिल्लं धरून. महूला जाताना केळीची शेतं, मैलोगणती. चिखलदऱ्याच्या चढावर ढग खिडकीतून आत यायचे आणि रवी ते मुठीत धरायचा. बाबा ऐकत होते, अगदी नवी गोष्ट ऐकावी तसे. अठ्ठावीस वर्षं आम्हाला ही दुनिया दाखवून आणणाऱ्या माणसानं त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं, हे मला त्या चाकावर बसून कळलं. मी एवढी शिकलेली, रोज पोरांना शिकवणारी, मला कधी सुचलं नाही की गाडी चालवणारा माणूस फक्त रस्ता पाहतो.

“तुमी कोनी सांगतलं बी नाई कवा,” बाबा मायला म्हणाले.

“तुमाले समोर पाहाचं राहे ना,” माय म्हणाली.

पुढे शेलूबाजार लागायच्या आधी एक लांब उतार आहे. गाडी आपसूक वेग धरू लागली. मागून बाबांचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विनंती केली.

“मंजू, जरा हळू घे माय. दिसते तोवर पाहून घेतो.”

मी गाडी तिसऱ्यात आणली, मग दुसऱ्यात. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मला समोरचं धड दिसत नव्हतं, मी बाहीनं डोळे पुसले आणि रांगेला हात दाखवून पुढे जायला सांगितलं. ज्यांना घाई होती ते गेले.